सिल्वासा आधी कोण घेणार?

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळात जग वाचवायला निघालेली टोळी पहिल्या गावाच्या वेशीपर्यंतही धड पोहोचत नाही. टोळी म्हणजे चार-पाच जण. प्रत्येकापुढे आपापल्या पात्राचा कागद, त्यावर ताकद, चपळाई, हुशारी यांचे आकडे आणि कोपऱ्यात मागच्या खेपेच्या वड्याचा तेलकट डाग. एक जण व्रतस्थ योद्धा, त्याला खोटं चालत नाही. एक जण चोर, त्याला दुसरं काही येत नाही. पुठ्ठ्याच्या आडोशामागे डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, बसलेला. नकाशा त्याचा, राक्षस त्याचे, पाऊसपाणीही त्याचंच. रात्री जागून त्यानं गुहेत एक जंगी राक्षस आणून बसवलेला असतो. आणि चोर काय करतो, तर राक्षसाकडे ढुंकूनही न बघता डीएमकडे हळूच चिठ्ठी सरकवतो: ‘सगळे झोपले की योद्ध्याच्या पिशवीतलं माणिक काढतो.’ वीस बाजूंचा फासा घरंगळतो, चिवड्याच्या बशीला आपटून थांबतो, एकोणीस. सकाळी योद्ध्याला पिशवी हलकी लागते, तलवार उपसली जाते, राक्षस गुहेत ताटकळत राहतो आणि चोराचा खेळाडू दोन्ही हात वर करून ते ठरलेलं वाक्य बोलतो, ‘मी काय करू, माझं कॅरेक्टरच तसं आहे.’ सुनेला नको ते बोलून झाल्यावर ‘माझा स्वभावच फटकळ’ म्हणणाऱ्या सासूचं जे वाक्य, त्याचंच हे धाकटं भावंड. दोन्हीकडे बोलणारा निराळा आणि जबाबदार भलताच.

या दुखण्यावर जाणकारांचे ठरलेले काढे आहेत. मोहिमेआधी सगळ्यांनी एकदा बसावं आणि कोणाला काय चालेल, काय खपणार नाही ते बोलून घ्यावं. एकमेकांवर हत्यार उचलायला बंदी घालावी. पात्रं बनवतानाच ती एकमेकांची भावंडं नाहीतर जुने दोस्त निघतील अशी तजवीज करावी. काढे वाईट नाहीत, पहिला तर फार गुणकारी आहे. पण या सगळ्यांच्या मुळाशी एक समजूत दडलेली आहे, की टोळीतलं भांडण हा रोग आणि एकोपा ही निरोगी प्रकृती. ती मला पटत नाही. माझं म्हणणं असं की पात्रं भांडतात म्हणूनच मोहीम पुढे सरकते. डीएमनं भांडण मिटवायच्या मागे न लागता ते कशावरून चाललंय एवढं बघावं. पिशवीवरून असेल तर खेळ बुडाला. गावाच्या वेशीतून आधी कोण शिरणार यावरून असेल, तर त्याला खुशाल भांडू द्यावं. पुरावा शोधायला कुठल्या काल्पनिक राज्यात जायला नको. वापी स्टेशनवर उतरलं की दादरा आणि नगर हवेलीतलं सिल्वासा हाकेच्या अंतरावर आहे.

हा मुलूख एखाद्या डीएमनं फावल्या वेळात आखावा तसाच आहे. १७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावं देऊ केली; ती १७८३ आणि १७८५ साली सनदांनी त्यांच्या हाती पडली आणि पावणेदोनशे वर्षं झाली तरी पाहुणे काही उठेनात. दादरा एकीकडे, नगर हवेली दुसरीकडे, मधे भारताची चिंचोळी पट्टी. समुद्र कुठेच नाही. दमणच्या किल्ल्यातून सिल्वाशाला एखादा शिपाई पाठवायचा म्हटला तरी भारताच्या रस्त्यानं पाठवावा लागे. १९५३ पासून त्या रस्त्यावरचे निर्बंध वाढत गेले आणि जुलै १९५४ मध्ये रस्ता बंदच झाला. आत पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आणि त्याचे पोलीस, दार बाहेरून लावलेलं आणि दाराशी टोळी जमलेली. एक असती तर ही साधी लढाईची गोष्ट झाली असती.

आता टोळीतल्यांचे कागद बघा. आझाद गोमंतक दल: विश्वनाथ लवंदे, दत्तात्रेय देशपांडे, प्रभाकर सिनारी ही मंडळी; हत्यारावर भरवसा, सत्याग्रहावर यथातथाच. (यातले सिनारी पुढे स्वतःच बडे पोलीस अधिकारी झाले. मोहिमेच्या मधोमध कोणी असा वर्ग बदलला असता तर डीएमनं नियमपुस्तक आपटलं असतं.) राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक: राजा वाकणकर आणि नाना काजरेकर पुढे, आणि पाठीशी चक्क संगीतकार सुधीर फडके. त्यांनी हत्यारांच्या पैशांसाठी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम करवला. हत्यारांचा खर्च भावगीतांच्या तिकिटांवर निघाला, असं जगात फार ठिकाणी घडलेलं नसावं. शिवचरित्रवाले बाबासाहेब पुरंदरेही याच जथ्यात. अप्पासाहेब करमळकर गोव्यातल्या बँकेतले, म्हणजे जमाखर्चाला सरावलेले, आणि मंडळींना एका ओळीत आणण्याचं बिनफायद्याचं काम त्यांच्याकडे. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स: फ्रान्सिस मास्कारेन्हस यांची संघटना. नाव एकजुटीचं, आणि इतर कोणाचीही वाट न बघता एकट्यानं पुढे जाण्याचा पहिला मानही तिचाच. शेवटी कम्युनिस्ट: तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी १९४५ पासून वारल्यांची चळवळ उभी केलेली, त्यामुळे रान, ओढे, पायवाटा तोंडपाठ असलेली माणसं त्यांच्या बाजूला. संघाचा स्वयंसेवक, कम्युनिस्ट, सशस्त्र क्रांतिकारक आणि मुंबईचा गोवेकर. अशी पात्रं घेऊन कोणी खेळायला बसलं, तर अनुभवी डीएम पहिल्या चहाआधीच पोट दुखतंय म्हणून घरी जाईल.

आणि झालं काय? २१ जुलै १९५४ च्या रात्री युनायटेड फ्रंटवाल्यांनी दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चाल केली, दुसऱ्या दिवशी दादरा मोकळं झालं. झालं, बाकीच्यांच्या पोटात कालवाकालव. आजवर टेहळणीसाठी हिंडणाऱ्या, बैठका घेणाऱ्या दलाच्या आणि संघाच्या मंडळींनी ऐन पावसात जुलै संपता संपता दमणगंगेपलीकडचं नरोली घेतलं. तिकडे कम्युनिस्ट आपल्या बाजूनं पुढे सरकत होते आणि सिल्वासा त्यांच्या हाती पडू नये ही काळजी इतरांना होती, तशी ती मोरारजी देसाईंच्या मुंबई सरकारलाही होती. फिदाल्गो सिल्वासा सोडून खानवेलकडे हटला आणि २ ऑगस्टला दल आणि संघाच्या स्वयंसेवकांनी सिल्वाशात तिरंगा लावला. पहिल्या ठाण्यापासून राजधानीपर्यंत पुरते दोन आठवडेही लागले नाहीत. यांच्यात सोन्यासारखा एकोपा असता तर एक संयुक्त समिती नेमली गेली असती, समितीची उपसमिती झाली असती, दादऱ्यावर आधी जायचं की नरोलीवर यावर मतदान झालं असतं आणि तोवर पाऊस संपून रस्ते कोरडे झाले असते. शेजारच्यानं आपल्याआधी बाजी मारली, ही बोच माणसाला भर पुरात नदी ओलांडायला लावते. एकोपा तेवढी घाई करत नाही.

‘हे फार सोपं करून सांगताय’ असं कोणी म्हणेल, आणि म्हणावंच. दादऱ्याच्या ठाण्यात उपनिरीक्षक अनिसेतो दो रोझारियो मारला गेला. टेबलावर मेलेला माणूस नवा कागद घेऊन पुढच्या शनिवारी परत येतो; तिथं तसं झालं नाही. हा फरक मोठा आहे आणि तो पुसायचा माझा विचार नाही. पण मी ज्यासाठी साक्ष काढतो आहे ती गोष्ट निराळी: परस्परांचा मुळीच विश्वास नसलेली माणसं एकाच दिशेनं कधी चालतात? दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. पुढच्याच वर्षी गोव्याच्या सत्याग्रहात पक्षापक्षांतली माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. १५ ऑगस्ट १९५५ ला वीसहून अधिक सत्याग्रही गोळीबारात पडले आणि गोवा मोकळा व्हायला डिसेंबर १९६१ मध्ये लष्कर जावं लागलं. म्हणजे एकीनं हरले आणि बेकीनं जिंकले, असा निष्कर्ष मला फार सोयीचा. पण तो काढणं लबाडी ठरेल. गोव्याला बंदर होतं, फौज होती आणि समुद्राकडचं दार उघडं होतं. एकीनं तिथं काही बिघडवलं असं म्हणता येत नाही. एकी असली की काम फत्ते, एवढंच काय ते म्हणता येत नाही.

मग सिल्वाशाची मोहीम फुटली का नाही? माझ्या मते दोन कारणांनी. पहिलं, प्रत्येकाला शिरायला आपापली वेस होती. दादरा वेगळं, नरोली वेगळं, दक्षिणेचं रान वेगळं. एकच किल्ला आणि एकच दरवाजा असता, तर हे चौघे दरवाज्यातच एकमेकांच्या पायात पाय घालून पडले असते आणि फिदाल्गोनं वरून गंमत बघितली असती. डीएमनं नकाशा काढताना इतकी अक्कल वापरली तरी निम्मी भांडणं कामाला येतात. योद्ध्याला चोर आवडत नाही ना? मग चोराला गटारातून जायची वाट दे, योद्ध्याला पुढच्या फाटकातून, आणि राक्षसाला मधे ठेव. दोघंही धावतील, वाटेत एकमेकांना शिव्या देत धावतील, पण राक्षसाकडे धावतील. दुसरं कारण भारत सरकारचं. ते एखाद्या मुरलेल्या डीएमसारखं वागलं. लढाईत आपलं पात्र उतरवलं नाही, कोणाला उघड शाबासकी दिली नाही; फक्त रस्ता बंद ठेवला आणि पुढे काय घडतं ते बघत बसलं. वाईट डीएमला राहवत नाही. टोळी भांडायला लागली की तो आकाशातून देवदूत उतरवतो आणि देवदूताच्या तोंडून स्वतःच बोलतो.

डीएमच्या निर्णयावर रुसणारा एक तरी खेळाडू असतोच, तो नियमपुस्तक उघडतो. पोर्तुगालनं नेमकं हेच केलं. डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, की दमणहून आमच्या मुलखात जायचा आमचा हक्क भारतानं डावलला. आणि पुस्तक कुठलं काढलं, तर पहिल्या आवृत्तीचं: पेशव्यांचा १७७९ चा तह आणि मराठी सनदा. नाना फडणीसांच्या काळातले कागद हेगच्या मेजावर आले आणि निरनिराळ्या देशांचे न्यायमूर्ती पेशव्यांनी सार्वभौमत्व दिलं होतं की नुसता वसूल, याचा कीस काढत बसले. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. न्यायालय म्हणालं, मराठ्यांनी वसुलाचाच हक्क दिला होता. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता मान्य केली म्हणून खासगी माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला जायचा हक्क होता. हत्यारबंद फौजेला नव्हता. आणि रस्ता अडवण्यात भारतानं आपली जबाबदारी मोडलेली नाही. म्हणजे खेळाडूचं पुस्तक बरोबर, डीएमचा निर्णयही बरोबर. असा निकाल द्यायची हातोटी साधली तर निम्म्या शहरातले गट टिकतील. तरीही लक्षात ठेवायचं ते हे, की निकाल यायच्या पाच वर्षं आधीच मोहीम संपली होती. नियमांवरची चर्चा खेळ थांबवून करायची नसते. ती नंतर, खाऊन-पिऊन, निवांत करायची असते.

‘पण मूळ खेळ तर सहकार्याचाच ना?’ हा आक्षेप पुस्तकी मंडळींचा. त्यांना १९६९ सालच्या अमेरिकेत न्यावं लागेल. डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणानं मिनेसोटात नेपोलियनच्या काळातली एक लढाई टेबलावर मांडली. गावाचं नाव ब्राउनस्टाइन. नेहमीप्रमाणे दोन सेना होत्याच, पण त्यानं गावातल्या प्रतिष्ठितांच्या भूमिकाही वाटल्या आणि प्रत्येकाच्या हाती स्वतःचा असा गुप्त हेतू दिला. सेना टेबलावर तशाच राहिल्या. खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन कुजबुजू लागले, आणि दोघांनी येऊन सांगितलं की आम्ही एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलंय, आता निकाल सांग. वेस्लीकडे द्वंद्वाचा नियमच नव्हता, तो त्याला उभ्या उभ्या बनवावा लागला. खेळाचा पार बोजवारा उडाला अशी त्याची खात्री झाली. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा कधी म्हणून पाठ धरली. त्या कंपूतल्या डेव्ह आर्नेसननं ही कल्पना पुढे नेली आणि गॅरी गायगॅक्सच्या साथीनं १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आलं. म्हणजे या खेळाचं बारसंच दोन पात्रांच्या भांडणात झालेलं आहे. सगळ्यांनी मिळून राक्षस मारायचा हा सोवळा प्रकार नंतर आला.

भांडणालाच खेळ मानणारे खेळही आहेत. ॲलन कॅलहॅमरनं ‘डिप्लोमसी’ बांधला तो नेमका १९५४ साली; त्यात फासा नाही, नुसत्या वाटाघाटी आणि वेळ आली की दगा. १९८४ चा ‘पॅरानॉइया’ तर खेळाडूंनी परस्परांना गोत्यात आणावं म्हणूनच रचलेला. तिथं कोणी कोणावर रुसत नाही, कारण टेबलावर बसतानाच आपण गळा कापायला आणि कापून घ्यायला बसलोय हे प्रत्येकाला ठाऊक असतं. माणिक चोरणाऱ्याची गोची इथं आहे. तो ‘पॅरानॉइया’ खेळतो आणि बाकीचे चौघे डंजन्स अँड ड्रॅगन्स. त्याच्या चोरीनं गोष्ट एक पाऊलही हलत नाही. चौघं मिळून एकाची झडती घेत बसतात. वर ज्याचं माणिक गेलं त्याच्या हाती रुसण्यापलीकडे काही उरत नाही. नरोली घेणाऱ्यांनी दादरावाल्यांच्या झोळीत हात घातला नव्हता. त्यांनी फक्त, तुम्ही एक घेतलंत ना, मग आम्ही दुसरं घेतो, असं मनात म्हटलं असणार.

तरीही एक भांडण असं उरतं ज्याला वेगळी वेस देऊन भागत नाही. टेबलावर योद्धा चोरावर तलवार उगारतो, पण खरं दुखणं गेल्या महिन्यातल्या ऑफिसच्या बढतीचं असतं, नाहीतर कोणी कोणाला लग्नाला बोलावलं नाही त्याचं. हे पात्रांचं भांडण नव्हे, आणि पात्रांच्या तोंडून ते सुटतही नाही. फासे कितीही टाका. तिथं डीएमनं आडोसा खाली ठेवावा, चहा मागवावा आणि दोघांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारावी. नाहीच जमलं तर दोन टेबलं करावीत. सिल्वाशाला तेच होतं. संघ आणि कम्युनिस्ट यांच्यातला वाद काही सोंगाचा नव्हता, तो मोहिमेआधी होता, नंतरही राहिला. कोणी त्यांना एका सतरंजीवर बसवून मनं जुळवायचा घाट घातला असता तर पोर्तुगीज आजही तिथं असते. ते वेगळे बसले. नकाशा तेवढा एक होता.

वाटणीची वेळ आली तेव्हा मात्र सगळ्यांचीच पंचाईत झाली. शेवटचा प्रवेश कोणाच्याच वाट्याला आला नाही. फिदाल्गो ११ ऑगस्ट १९५४ ला तलासरीकडच्या उधव्याला भारतीय पोलिसांच्या हवाली झाला, म्हणजे ज्यांनी दार लावून घेतलं होतं त्यांच्याच. वर्षभर हत्यारं जमवणाऱ्यांना, रानातून कोंडी आवळणाऱ्यांना, पहिलं ठाणं घेणाऱ्यांना, कोणालाच खलनायक मिळाला नाही. डीएमनं असा शेवट केला तर खेळाडू त्याच्याशी महिनाभर बोलत नाहीत. इथं त्याचा फायदा झाला असावा. श्रेयावरून भांडायला पुढची कितीतरी वर्षं मोकळी सापडली आणि ती लोकांनी मनापासून वापरली. ज्याच्या आठवणी वाचाव्यात त्यात तोच पुढे, बाकीचे पाठीमागून आलेले. मुक्तिदिन म्हणून सरकारी मान २ ऑगस्टला मिळाला. दादरावाल्यांना २२ जुलै अधिक जवळचा वाटला तर नवल नाही. या भांडणात कोणाचं काही बिघडत नाही, म्हणून ते आणखी शंभर वर्षं चालायला हरकत नाही. डीएमनंही माणिक-मोती शेवटच्या दिवशीच वाटावेत. मधेच वाटले की टोळी राक्षस सोडून हिशेबाला बसते.

सात वर्षं हा मुलूख पोर्तुगालचा नव्हता आणि कागदोपत्री भारताचाही नव्हता. वरिष्ठ पंचायत कारभार बघत होती. विलीनीकरणाचा करार करायची वेळ आली तेव्हा पंडित नेहरूंसमोर सही करायला त्यांच्या बरोबरीचा कोणीतरी हवा होता. इतक्या झेंड्यांच्या माणसांनी हा भाग सोडवला होता, पण सहीसाठी पुढे केला गेला भारताच्याच आयएएस सेवेतला अधिकारी, के. जी. बदलानी. ते एका दिवसासाठी दादरा आणि नगर हवेलीचे पंतप्रधान झाले आणि या नात्यानं त्यांनी एरवी ज्यांच्या सरकारची नोकरी करायची, त्यांच्याशीच दोन देशांमधला करार केला. पात्रात इतकं शिरणं भल्याभल्या खेळाडूंना जमत नाही. संविधानाची दहावी दुरुस्ती झाली, ११ ऑगस्ट १९६१ पासून मुलूख भारतात आला आणि विरोधी पक्षाला अविश्वासाचा ठराव लिहून काढायचीही उसंत न देता बदलानींचं सरकार गेलं.